मंगलाष्टकवाल्याचं रॉक

रविंद्र सरांच्या कलेला पहिला उघड विरोध झाला तो त्यांच्याच घरात, आणि तोही चार वर्षांच्या मुलीकडून.

तसे रविंद्र सर शिकवत काहीच नसत. ते सेनगावाजवळच्या गोरेगावच्या ज्युनियर कॉलेजात क्लार्क होते. पण आमच्याकडे शर्ट आत खोचून हिंडणाऱ्या माणसाला सर म्हणण्याची रीत असल्यामुळे तेही सर झाले होते. शिवाय ते मंगलाष्टकं म्हणत. नुसती म्हणत असं सांगणं म्हणजे त्यांचा अपमान आहे. सेनगावापासून नरसीपर्यंत रविंद्र सरांच्या अष्टकांशिवाय लग्न लागलं, तर लोक ते लागलं की नाही अशी शंका घेत. त्यांच्या पाचव्या अष्टकात नवरी माहेरच्या चुलीचा, गोठ्यातल्या वासराचा आणि दारातल्या लिंबाचा निरोप घ्यायची. चुलीशी नवरीची आई रडायची, वासराशी मावश्या रडायच्या आणि लिंबापर्यंत पोचता पोचता व्हिडिओवाल्याचा कॅमेरा हलायला लागायचा. सर या गोष्टीला कलेचं शिखर मानत.

तर लेकीच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला की यंदा गॅदरिंगमध्ये पालकांनीही आपली कला सादर करावी. ज्योतीनं, म्हणजे सरांच्या बायकोनं, तो मोठ्यानं वाचून दाखवला. वाचून संपायच्या आतच सर घसा साफ करू लागले होते.

"पप्पा, तुमी नका गाऊ," आरोही तूपसाखरेच्या पोळीतून तोंड वर न काढता म्हणाली.

"काहून गं?"

"तुमी गायले की समदे रडतात."

सरांनी बायकोकडे पाहिलं. अशा वेळी बायकोनं लेकरावर डोळे वटारावेत, निदान विषय तरी बदलावा. ज्योतीनं दोन्ही केलं नाही.

"बराबर बोलून राहिली ती," ज्योती म्हणाली. "मागं साखरा गावच्या लग्नात नवरीपेक्षा नवरदेवच जास्त रडला. बाया मला इचारत होत्या, पोराच्या मनाविरुद्ध करून राहिले का म्हणून."

"त्याला दाद म्हणतात, ज्योती."

"मग लेकराच्या गॅदरिंगला कशाला पाह्यजे दाद?"

आरोहीनं मोबाईल पुढे केला. पडद्यावर चष्मा घातलेला एक डायनासोर ड्रम बडवत होता, चार पोरं गिटार घेऊन उड्या मारत होती आणि सगळा कारभार इतक्या आनंदात चालला होता की सरांना तो थोडा सवंग वाटला. "असं म्हणा," आरोही म्हणाली. "नाचायचं गाणं. न्हाईतर मी माहीच्या पप्पाजवळ जाऊन बसन."

माहीचे पप्पा म्हणजे खतांचे दुकानदार. गेल्या गॅदरिंगला या गृहस्थानं स्टेजवर जाऊन तोंडात दोन बोटं घालून शिट्टी वाजवली होती, आणि एवढ्या भांडवलावर तो अख्ख्या बालवाडीचा लाडका झाला होता. ज्या गळ्यानं पंचक्रोशीतल्या लेकी सासरी पाठवल्या, त्या गळ्याच्या मालकाची स्वतःची लेक एका शिट्टीवाल्याच्या मांडीवर बसणार! सरांना त्या रात्री जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही. लेकीला आपल्या गाण्यावर एकदा तरी नाचवायचंच, असं त्यांनी हात धुता धुता ठरवलं.

सकाळी शेजारचे संतरामकाका आले आणि सरांनी त्यांना आपला रॉकचा बेत सांगितला. काका निवृत्त ग्रामसेवक होते, आणि पेन्शन मिळते ती सल्ला देण्याबद्दल मिळते अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

"रॉक म्हणजे मला सांगू नका," काका म्हणाले. "केस वाढवावे लागतात त्याला."

"काका, हे लहान लेकरांचं रॉक हाय."

"मग लेकराचे वाढवा. आन त्यात संदेश टाका. संदेशाबिगर कार्यक्रम व्हत न्हाई. शौचालय टाका."

"रॉकमधी शौचालय?"

"मी नोकरीभर टाकत आलो. चाल कोणतीबी असो, बसतं."

सर शौचालयापासून वाचले, पण गाणं लिहायला बसले तेव्हा खरा अडथळा कळला. शेळीनं लेकराचं दप्तर खाल्लं, असा मोठा झकास विषय त्यांना सुचला होता. पण हाताला वळण पडलेलं. पहिल्या कडव्यात शेळीनं दप्तर खाल्लं, आणि दुसऱ्या कडव्यात तिला माहेरचा गोठा आठवला. तिसऱ्यात तर ती दाव्याकडे वळून वळून पाहायला लागली. ज्योतीनं ते कागद घेऊन त्यात शेंगदाणे पाखडले आणि सरांना पुन्हा बसवलं. अखेर असं जमलं:

*शेळीनं खाल्लं दप्तर, दप्तर!*
*पुस्तक गेलं पोटात,*
*पेन्सिल अडकली ओठात,*
*बाई मागतात उत्तर, उत्तर!*

आरोहीनं ते ऐकून "पुढं?" असं विचारलं. सरांच्या आयुष्यात एवढी मोठी दाद त्यांना कोणी न रडता दिली नव्हती.

आता गिटार. गावात गिटार एकच होतं आणि ते वाजत नव्हतं. अफरोजच्या फोटो स्टुडिओत ते भिंतीला टांगलेलं असे. लग्न ठरलेली पोरं ते गळ्यात अडकवून नदीच्या कोरड्या पात्रात भावी बायकोकडे बघत फोटो काढून घेत.

"सर, तारा न्हाईत याला," अफरोज म्हणाला. "पण फोटोत कळत न्हाई. फक्त ओरखडा पाडू नका, पुढच्या हप्त्यात शूटिंग हाय."

सरांना गिटार वाजवता येत नव्हतं आणि गिटारला वाजता येत नव्हतं, तेव्हा तक्रारीला जागाच राहिली नाही.

वाजवणारे मात्र खरे मिळाले. नासेरभाईंची बँजो पार्टी म्हणजे वरातीतला शेवटचा शब्द. रविंद्र सरांनी अष्टकं म्हणायची आणि नासेरभाईंनी वाजवायचं, अशी या दोघांची कितीतरी लग्नं झालेली. नासेरभाईंनी आनंदानं होकार दिला. तालमीसाठी त्यांच्या पत्र्याच्या शेडात जागा केली. सेवा राठोड, म्हणजे त्यांचा ड्रमवाला, तांड्यावरून खास लवकर आला. सेवानं काठ्या फिरवल्या, नासेरभाईंनी बँजोवर बोटं टाकली, पत्रे थरथरले आणि सरांनी तोंड उघडून "शेळीनं" एवढंच म्हटलं. वाजवणं खटकन थांबलं.

"काय झालं?"

"कुठं काय? तुमी म्हणा ना सर," नासेरभाई हात बांधून उभे राहिले होते. सेवानं तर टोपीही काढली होती.

"म्हणतो, पण तुम्ही वाजवा."

"तुमी गाऊन राहिले तवा वाजवायचं?" नासेरभाई खरंच घाबरले. "आजवर कधी वाजवलं न्हाई, सर. तुमी म्हणायचं, आमी अदबीनं उभं राहायचं. तुमचं शेवटचं वळण संपलं की मग तुटून पडायचं. हात आपोआप थांबून राहिलेत, आमची काय चूक?"

चूक कोणाचीच नव्हती. अष्टकं संपेपर्यंत चिडीचूप आणि संपल्या क्षणी दणदणाट, हा दोघांच्या धंद्याचा नियमच होता. नाहीतर लग्न लागल्याचं मांडवाबाहेरच्या लोकांना कळणार कसं? चार संध्याकाळी सर "शेळीनं" म्हणत आणि पार्टी उभी राही. शेवटी उपाय नासेरभाईंनीच काढला. वाजवणाऱ्यांनी सरांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करायचं. सर दिसले नाहीत तर अदब सुटते, असं सिद्ध झालं. गाणं धावायला लागलं. सेवा भिंतीला ड्रम ऐकवत होता, सर तारा नसलेलं गिटार झोडपत होते, आणि शेडाबाहेरच्या बकऱ्या उठून गेल्या. हा शेवटचा प्रकार सरांनी गाण्याच्या विषयाशी जोडला आणि मनाला लावून घेतला नाही.

मग गाणं हेडमास्तरीण शिला मॅडमांकडे मंजुरीला गेलं.

"छान आहे," मॅडम म्हणाल्या. "पण यातून बोध काय?"

"बोध... मजा."

"मजा हा बोध नाही, सर. अध्यक्षसाहेब विचारतील."

संस्थेचे अध्यक्ष ओमप्रकाशराव हे बोधाचे मोठे शौकीन. शाळेची घंटा वाजली तरी ते 'यातून मुलांनी काय घ्यावं' असं विचारणारे. तेव्हा मॅडमनी स्वतःच एक शेवटची ओळ जोडून दिली: *म्हणुनी बाळांनो, जपा जीवापाड आपुल्या विद्येचा हा अमोल ठेवा.*

सरांनी ती शेडात नेली. नासेरभाईंनी तिला चारही बाजूंनी हात लावून पाहिला. "सर, हिला ठेका बसून न्हाई राहिला. नाचणाऱ्याचा पाय मोडन."

"मग तिथं तुम्ही थांबा," सर म्हणाले. "तेवढी एक ओळ मी एकटाच म्हणतो."

इतकी साधी गोष्ट ते इतक्या सहज बोलून गेले की शेडातल्या एकाही माणसाला धोका दिसला नाही.

सर लाऊडस्पीकरची परवानगी काढायला पोलीस ठाण्यात गेले तर जमादारानं पेन उचलून विचारलं, "धार्मिक, राजकीय, का लग्न?"

"लेकरांचं रॉक."

"ते ह्यात बसत न्हाई."

"सांस्कृतिक लिहा."

"सांस्कृतिकला साहेबाची सही लागती, साहेब रजेवर हाय. गाणार कोण?"

"मी."

"वाजवणार?"

"नासेरभाई."

"मग लग्नच झालं की हे," जमादार म्हणाला आणि त्यानं तसं लिहूनही टाकलं. नवरीच्या नावाच्या जागी शाळेचं नाव गेलं, नवरदेवाच्या जागी अर्जदाराचं. सर बाहेर आले ते कायद्यानं बालवाडीशी लग्न ठरवूनच.

कार्यक्रमाच्या दिवशी मांडववाला नरसीहून दुपारी आला. सीझनचे दिवस, काल तिथं लग्न होतं, उद्या दुसरीकडे होतं. त्यामुळे त्यानं मधल्या दिवसासाठी स्टेज सुटं न करता जसंच्या तसं आणलं. प्लास्टिकच्या फुलांची कमान आली, लाल गालिचा आला, आणि मधोमध नवरानवरीच्या सोनेरी, सिंहाच्या हातांच्या दोन खुर्च्या आल्या.

"या खुर्च्या काढा," सर म्हणाले.

"त्या कमानीला बोल्टनं कसल्यात, सर. काढल्या तर कमान तुमच्याच डोक्यात येईन."

अध्यक्षसाहेबांना मात्र खुर्च्या पाहताच आपल्यासाठी कोणीतरी शेवटी योग्य विचार केला असं वाटलं. ते डावीकडच्या खुर्चीत जाऊन विसावले. उजवीकडची रिकामी बरी दिसेना, म्हणून त्यांनी आग्रह करकरून शिला मॅडमना तिथं बसवलं. दोघांना फेटा आणि हार झाला. अध्यक्षांच्या पत्नी संगिताबाई समोर पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी पदर नीट केला, चष्मा घातला, आणि नंतर तो काढलाच नाही.

लेकरांना धरून ठेवण्यासाठी शाळेनं प्रत्येकाच्या हातात मुरमुऱ्यांची एकेक पुडी दिली होती, मोठ्यांनीही घेतल्या. परी, फुलपाखरू, शेतकरी, सैनिक असं सगळं होऊन गेलं. मग माईकवर नाव पुकारलं गेलं आणि रविंद्र सर स्टेजवर आले: काळा चष्मा, गळ्यात अफरोजचं गिटार, आणि प्रेक्षकांकडे पाहणारे ते एकटेच, कारण मागे अख्खी पार्टी कमानीकडे तोंड करून उभी. आरोही पुढच्याच बाजूला होती. पप्पांवर तिचा अजून पुरता भरवसा नव्हता. ती माहीच्या पप्पांच्या मांडीवर, दोन्ही कानांवर हात ठेवून, वाट पाहत होती.

सेवानं काठ्या फिरवल्या. दणका झाला. सरांनी "शेळीनं खाल्लं दप्तर" अशी आरोळी ठोकली.

आणि मांडव उभा राहिला.

नाचायला नव्हे. रविंद्र सर गायला लागले म्हटल्यावर उभं राहायचं, हे लोकांच्या अंगवळणी पडलेलं. पुरुषांनी टोप्या सारख्या केल्या, म्हाताऱ्यांनी डोक्यावर पदर घेतले. पुढचे उभे राहिल्यामुळे मागच्या लेकरांना काही दिसेना, ती ओरडली तर आयांनी त्यांना दटावलं, "गप. सर म्हणून राहिले." एक पोरगं पहिल्या कडव्याला कंबर हलवायला लागलं होतं, त्याच्या आज्यानं त्याला दंडाला धरून सरळ केलं. शेळीनं पुस्तक खाल्लं, पेन्सिल ओठात अडकली, सर तारा नसलेलं गिटार घेऊन चक्क एक उडी मारून गेले, आणि समोर सगळं गाव गंभीर चेहऱ्यानं, हात जोडून उभं.  माहीच्या पप्पांच्या खांद्यावरून आरोहीनं एक मोठी जांभई दिली.

ती जांभई सरांनी पाहिली. माणूस हरला की ओळखीच्या रस्त्याला लागतो. बोधाची ओळ आली तेव्हा पार्टी ठरल्याप्रमाणे थांबली, मांडवात शांतता पसरली आणि सरांच्या गळ्यानं त्यांना न विचारता कारभार हातात घेतला. "म्हणुनी बाळांनो" ही अक्षरं अशी काही लांबली, "जीवापाड" वर अशी हेलकावली की पहिल्या हुंदक्याचा आवाज ऐकू आला. तो संतरामकाकांचा होता. मग बायांचे पदर डोळ्यांकडे गेले. सरांनी "विद्येचा हा अमोल ठेवा" ला सूर चढवला, चढवला, शिखरावर नेऊन धरला आणि सोडला.

त्या सुरानंतर काय करायचं ते आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. शेकडो हात वर झाले आणि पुड्यांतले सगळेच्या सगळे मुरमुरे सोनेरी खुर्च्यांवर जाऊन पडले. अध्यक्षसाहेबांचा फेटा पांढरा झाला. शिला मॅडमच्या हारात, चष्म्यात, चहात मुरमुरे. दोघंही इतके बावरले की परंपरेप्रमाणे मान खाली घालून बसून राहिले. आणि शेवटचं वळण कानावर पडताच नासेरभाईंची पार्टी पाठ-बिठ विसरून गर्रकन वळली आणि तुटून पडली.

तो दणका ऐकून मेलेला माणूसही पायानं ठेका धरील. लेकरं खुर्च्यांखालून, आयांच्या हातांतून, आज्यांच्या धोतरामधून सुटली आणि स्टेजवर चढली. परी आणि सैनिक हातात हात घालून फिरायला लागले. माहीच्या पप्पांनी शिट्टी मारली, पण ती बँजोत बुडून गेली. त्यांचा खांदा रिकामा होता. आरोही स्टेजच्या मधोमध, डोक्यावर मुरमुरे, डोळे मिटून, दोन्ही हात वर करून अशी नाचत होती की सरांना ती आपलीच मुलगी आहे यावर विश्वास बसेना. त्यांचा ऊर भरून आला. मग त्यांच्या लक्षात आलं की गाणं संपलेलं आहे, आपण गप्प उभे आहोत, आणि हा सगळा आनंद त्यानंतरचा आहे. भरून आलेला ऊर त्यांनी तसाच धरून ठेवला. आता त्याचं काय करावं ते त्यांना कळेना.

दरम्यान संगिताबाई शांतपणे पायऱ्या चढून सोनेरी खुर्च्यांपाशी आल्या.

"मॅडम, उठा," त्या म्हणाल्या. "ती जागा माझी हाय."

शिला मॅडम मुरमुरे सांडत उठल्या. संगिताबाई बसल्या, त्यांनी नवऱ्याच्या गळ्यातला हार काढून स्वतःच्या गळ्यात घातला आणि म्हणाल्या, "हं. काय बोध घेतला, सांगा." बोधाचा एवढा शौकीन माणूस फेट्यातले मुरमुरे वेचायला लागला.

संतरामकाका डोळे पुसत सरांजवळ आले. "रविंद्र, काळजाला हात घातला बघ. शेळी कुणाच्या घरी दिली शेवटी?"

 सरांनी चष्मा काढला, गिटार उतरवलं, ओरखडा पडलाय का ते पाहिलं. पार्टी दम घ्यायला थांबली होती. एवढ्यात कोणीतरी त्यांची पँट ओढली. खाली आरोही होती. घामाघूम, लाल झालेली, हसणारी.

"पप्पा, आनखी म्हणा."

सरांना ऐकू आलं ते खरं वाटेना. ते खाली बसले. "गाणं? माझं? आवडलं तुला?"

"व्हय," आरोही म्हणाली आणि तिनं माईक त्यांच्या हातात दिला. "पण लवकर संपवा."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मागे काठ्या सरसावून बसलेल्या सेवाकडे पाहिलं, मग उभे राहिले. शेळी, दप्तर, पेन्सिल सगळं त्यांनी सोडून दिलं आणि तोंड उघडून एकदम शेवटच्या ओळीलाच हात घातला.